चार बोटांचं जाळं

"उत्पादन तर वाढतंय. मग कमी झाला म्हणता तो मासा कोणता?" धुळ्याहून आलेल्या साहेबांनी मला विचारलं.

"शिंगाडा, सर."

शिंगाडा म्हणजे तापीतला लांब मिशांचा मासा. मोठा होतो, पण सावकाश. आम्ही मत्स्य खात्याचे लोक धरणात रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायचो. त्यामुळे एकूण वजन वाढायचं आणि शिंगाड्याची घट त्याखाली झाकली जायची. आता तो ज्या डोहात अंडी घालतो, तोच डोह लिलावात निघाला होता. ठेकेदार भर पावसाळ्यात जाळी टाकणार. मग शिंगाडा संपला असता, आणि काठावरच्या भोई वस्तीचा धंदाही.

"पुरावा आणा," साहेब म्हणाले.

यावलला केळीच्या बागेत मजुरी करून आईवडिलांनी मला बीएस्सी केलं. त्या जोरावर मिळालेल्या खुर्चीत बसून 'जमत नाही' म्हणायचं नव्हतं. वस्तीवर गेलो. मोठा शिंगाडा शेवटचा कधी लागला, केवढा होता? प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

मासे विकणाऱ्या गंगूअक्का हसल्या. "भाऊ, यास्ना शिंगाडा सांगता सांगताच वाढस!"

शेजारी म्हातारे नथूआबा जाळं विणत होते. मधूनच भोकात बोट घालून बघत. भोई जाळ्याचं माप असंच करतात. भोकात जितकी बोटं मावतील, तितक्या बोटांचं जाळं.

"आबा, हे कितीचं?"

"एक बोटनं."

"आणि वडिलांचं?"

"चार बोटनं. आढ्याले टांगेल शे. त्यामा अडकी असा मासा आते नदीमा ऱ्हायना नही."

मी म्हणालो, घराघरांतली जुनी जाळी काढा. आबांचा हात थांबला.

"एक बोटनं जाळं सायेबले दखाडसूत, तं आम्हीच चोर ठरसूत."

"ठराल, आबा. पण दाखवल्याशिवाय साहेब ऐकणार नाहीत."

अक्का म्हणाल्या, "चोर तं चोर! डोह तं वाची."

लिलावाच्या सकाळी जळगावच्या कचेरीच्या अंगणात जाळी अंथरली. आबांच्या वडिलांचं चार बोटांचं, मग तीनचं, दोनचं, शेवटी आबांचं एक बोटाचं. साहेब खाली बसले. पहिल्यात त्यांची चारही बोटं सहज गेली. शेवटच्यात एकच, तेही अंगठीपाशी अडकलं.

"म्हणजे पिल्लं तुम्हीच धरता?"

"व्हय सायेब," आबा म्हणाले. "मोठला भेटत नही म्हनीसन."

साहेब बराच वेळ बोट सोडवत राहिले. डोह लिलावातून वगळला. अट एकच: एक बोटाचं जाळं कोणीच टाकायचं नाही, भोयांनीही नाही. आबा आपलं नवंकोरं जाळं अंगणातच टाकून निघाले.

पुढची काही वर्षं वस्तीला जड गेली. अक्का बाजारात मला बघून तोंड फिरवायच्या. माझ्या बदलीच्या वेळी मात्र दोन बोटांच्या जाळ्यात पुन्हा मासा लागू लागला होता, आणि आबा तसंच जाळं विणत होते.

"तीन बोटांचं कधी, आबा?"

"ते शिंगाडाले ईचार."

तेव्हापासून कोणी उत्पादन वाढल्याचं सांगितलं, की मी आधी विचारतो, जाळं किती बोटांचं?