मिस्त्रीची बिनइंजिनाची गाडी

आठ महिने मिस्त्री घरच्या जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथं मोटर नि बॅटऱ्या बसवत होता. कंबर पार मोडून आली होती. बायकोनं सकाळीच बजावलं, "आज गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर गेली नाही, तर भंगारवाल्याला बोलावते."

आधी मोटर चालते का बघायला त्यानं गाडी पुढच्या गियरमध्ये टाकून पॅडल दाबलं. गाडी मागं सरकली. मोटरच्या वायरी उलट जोडल्या होत्या. त्या बदलायच्या म्हणजे बॅटऱ्यांची पेटी पुन्हा उचलणं आलं. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"अहो, थांबलात का?" फाटक उघडत बायको म्हणाली. "फाटक मागंच आहे की! येऊ द्या."

गाडी रस्त्यावर आली.

"वायरी उद्या बघतो," म्हणत मिस्त्री तिथंच, सीटवर, डोळे मिटून बसून राहिला.