सुनेच्या तळव्यांची खाज

सुनेचं डोहाळजेवण आम्ही इथे अमेरिकेत, पार्सिपनीला, आमच्याच घरी केलं. तिचं माहेर मूळचं चिलीचं. मेंदीची तिला भारी हौस, म्हणून मी इंडियन स्टोअरमधून कोन आणले आणि विहीणबाई शेजारी बसून फोटो काढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सून तळहात खाजवतच उठली.

"आई, कोन एक्स्पायर्ड होता. चेक तरी करायचंस यार," मुलगा म्हणाला.

"केला होता. त्याच कोनाने सगळ्याजणींनी काढली, कुणाला काही झालं नाही."

मी खोबरेल तेल आणलं. तेवढ्यात सुनेने मोजा काढला आणि तळपायही खाजवू लागली. पायांवर आम्ही मेंदी काढलीच नव्हती. कुठे पुरळही नव्हतं.

"पाय कधीपासून?"

"बरेच दिवस, आई. प्रेग्नन्सीत होतं असं, म्हणून बोलले नाही."

तिने आईला स्पॅनिशमध्ये सांगितलं. विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि भराभर बोलत सुटल्या. सून माझ्याकडे वळली. "मम्मीला माझ्या वेळी हेच झालं होतं. मावशीलाही. मावशीचं बाळ पोटातच गेलं."

तेलाची बाटली मी बंद केली आणि क्लिनिकला फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की यकृतातून पित्त नीट वाहत नाही, पित्ताम्लं रक्तात साठतायत. खाजेचं कारण तेच, आणि बाळालाही त्याचाच धोका. लॅटिना बायकांमध्ये हे जास्त दिसतं, भारतीय बायकांमध्येही. गोळ्या सुरू झाल्या, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. तरीही सदतिसाव्या आठवड्यात पित्ताम्लांचा आकडा चढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. कळा आणू या."

मग माझा उत्साह काय विचारता! बॅग, चार्जर, कार सीट, सगळं भराभर गाडीत. विहीणबाई पुढे बसून मला रस्ता दाखवत होत्या, स्पॅनिशमध्ये, आणि बरोबर दाखवत होत्या.

हॉस्पिटलात आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या. आत मॉनिटरवर ठोके ऐकू येत होते. ते थोडे मंदावले की विहीणबाई माझं मनगट घट्ट धरायच्या. शेवटी रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलाने दार उघडलं. "मुलगी. एकदम ओके आहे." आम्ही दोघी एकदमच आत घुसलो, दोघी आपापल्या भाषेत बोलत.

"आज्यांनो, जरा मागे," नर्स म्हणाली. "वजन तरी करू द्या."