चैतूभाऊंच्या वहीतली रिकामी ओळ

चैतूभाऊ नरोटे दर बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात यायचे आणि खरं सांगतो, मला त्यांचा कंटाळा यायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर आज मला बरं वाटलं असतं. एटापल्लीच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि फॉर्म भरण्याचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत हा पन्नाशीचा माणूस दाराशी चपला काढून कोपऱ्यात उभा राहायचा, कितीही वेळ. नंबर आला की खिशातली चुन्याची रिकामी डबी उघडायचा आणि तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढायचा.

त्यांचं गाव इथून बावीस किलोमीटर आत. चाळीस घरं, नेट नाही, मोबाइलला रेंज हवी तर टेकडीवर चढा. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेले त्यांच्या वयाचे गावात ते एकटेच, म्हणून ग्रामसभेचे सगळे कागद त्यांच्याकडे आले. जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मागायचा तर पुरावा लागतो, आणि त्या गावाकडे पुरावा म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण. आजोबा कुठपर्यंत बांबू तोडायचे, कोणत्या नाल्यापलीकडे मेलेल्यांच्या नावाचे दगड उभे आहेत. चैतूभाऊंनी दोन वर्षं घरोघरी बसून अकरा म्हाताऱ्यांचे जबाब मोबाइलवर रेकॉर्ड केले, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवले आणि एका बोटाने टाइप केले. मोबाइलची मेमरी भरली की तिथलं पुसून टाकायचे.

तो कॉम्प्युटर मीच विकला होता. अँटीव्हायरस कोणता घ्यावा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी विकतचा गळ्यात मारला. फुकटचा घेतला असता तरी काही बिघडलं नसतं. नेट नसलेल्या घरात कोणताही टाका, अपडेटची फाइल दर हप्त्याला पेनड्राइव्हवरच न्यावी लागणार होती.

"दर हप्त्याले काऊन?" त्यांनी विचारलं.

"रोज नवे चोर येतेत, चैतूभाऊ. अपडेट म्हंजे त्याइच्या फोटोची यादी. यादी जुनी असली तर पहारेकरी नव्या चोराले जोहार करून आत घेते."

ते हसले नाहीत. पुढच्या बाजाराला शंभर पानी वही घेऊन आले. एका ओळीवर तारीख आणि पुढे माझी सही. असा चोख कारभार मी सरकारी कचेरीत पाहिला नाही.

पहिलं वर्ष मी इमानदारीने काम केलं. मग जून उजाडला, प्रवेशाच्या फॉर्मची झुंबड उडाली. अपडेटची फाइल उतरवायला इथल्या नेटवर पंधरा-वीस मिनिटं जायची आणि मागे चाळीस पोरं ओरडत असायची. एका बाजाराला मी त्यांचा पेनड्राइव्ह लावला, मनात दहापर्यंत मोजलं, काढला आणि सही केली. पहिली खोटी सही करताना मी त्यांच्याकडे पाहणं टाळलं. दुसरीला तेवढंही केलं नाही. अशा आठ केल्या. मध्ये एकदा ते म्हणाले, "स्क्रीनवर लाल खूण येऊन राह्यली जी." मी म्हणालो, "लाइन येते-जाते, त्याच्याने होते." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं, कारण सांगणारा मी होतो.

आणि माझं स्वतःचं मशीन? त्याचा अँटीव्हायरस मी बंदच ठेवला होता. प्रिंट हळू निघायच्या ना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पोळ्याच्या आधी गावातले पोचूबाबा वारले. अकरांपैकी सगळ्यात म्हातारे. उत्तरेच्या नाल्यापलीकडचे दगड कोणाकोणाचे, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. त्यांच्या मातीला, म्हणजे अंत्यविधीला, थांबल्यामुळे चैतूभाऊंचा एक बाजार चुकला. पुढच्या बाजाराला आले तेव्हा चुकलेल्या दिवसाची तारीख त्यांनी वहीत स्वतःच लिहून आणली होती, पुढे जागा रिकामी. मी पेनड्राइव्ह लावला, काढला, खालच्या ओळीवर सही केली. ही आठवी.

त्याच दिवशी चार वाजता माझ्या मशीनमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलं. एकही उघडेना, आणि पडद्यावर इंग्रजीत धमकी. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलं असणार. मी दोन शिव्या घातल्या, सगळं पुसलं, विंडोज नव्याने टाकलं. माझं होतंच काय त्यात, लोकांचे फॉर्म. मग आठवलं की आज चैतूभाऊंचा पेनड्राइव्हही याच मशीनला लागला होता. त्यांच्या गावाकडे जाणारी मुक्कामी एसटी स्टँडवर उभी होती. कंडक्टर ओळखीचा. "चैतूभाऊले सांग, पेनड्राइव्ह लावू नको," एवढा निरोप पुरे होता. पण निरोप दिला की कारण सांगावं लागलं असतं. बस गेली. मी पाहत होतो.

गावात दोन दिवस लाइट नव्हती. म्हणजे देवाने मला दोन दिवस दिले, आणि दोन्ही दिवस ती बस माझ्यासमोरून गेली.

चौथ्या दिवशी ते दिनेशच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. दिनेश त्यांच्या गावातला, ग्रामसभेच्या कामात मदत करणारा. चैतूभाऊंच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू होता.

"त्या बाजाराले आलो नाई ना जी," ते म्हणाले, "त्याच्याने झालं. एक हप्ता खाली गेला."

त्यांच्याही सगळ्या फाइलींना तेच कुलूप लागलं होतं. मी दोन दिवस झटलो. काही निघालं नाही. पेनड्राइव्हवर अपडेट म्हणून त्यांनी जी फाइल उघडली होती ती माझ्याच मशीनमधल्या व्हायरसने त्या दुपारी चढवलेली होती. हा माणूस माझ्याकडे कधी आलाच नसता तर त्याच्या कॉम्प्युटरला काही झालं नसतं. ना नेट, ना कोणाचा पेनड्राइव्ह. जिल्ह्यात त्याच्याइतकं सुरक्षित मशीन सापडलं नसतं.

ग्रामसभेने मलाही बोलावलं. गोटूलमध्ये, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळे बसले होते. चैतूभाऊ उभे राहिले आणि वही उघडून सगळ्यांना दाखवली. "हे पाहा. सगळ्या बाजाराची सही आहे. ही एक ओळ खाली आहे. चूक माही आहे."

पोचूबाबांची मुलगी कलाबाई पुढेच बसली होती. तिने मला विचारलं, "बाचा आवाज वापस येत नाई का, भाऊ?"

"नाई येत, बाई."

मग दिनेश म्हणाला, "प्रफुलभाऊ, एका हप्त्याने असं होते का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. चैतूभाऊसुद्धा. मी म्हणालो, "होऊ शकते."

कोणी त्यांना रागावलं नाही. दंड नाही, काही नाही. फक्त कागदांचं काम दिनेशकडे गेलं. चैतूभाऊंनी गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि मागे जाऊन बसले. दहा जबाब पुन्हा घेता आले. नाल्यापलीकडचा भाग मात्र दाव्यातून वगळावा लागला. त्या दिवशी सभेतून निघताना लोकांनी मला मोहाचे लाडू बांधून दिले, दोन दिवस खपलो म्हणून. ते घरी पोरांनी खाल्ले.

आता मला सगळं शहाणपण सुचतं. दिनेशसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवला आहे, तो दुसऱ्या कुठल्या मशीनला लागत नाही. जबाबांच्या दोन नकला, दोन घरांत. विंडोजसोबत येणारं संरक्षण चालू, त्याची फाइल दर हप्त्याला खरीखुरी उतरवतो.

दिवाळीनंतर चैतूभाऊ बाजारात मीठ घ्यायला आलेले दिसले. मी त्यांना दुकानात बोलावलं, शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं. आठ सह्या. बंद ठेवलेला अँटीव्हायरस. निरोप न देता जाऊ दिलेली बस.

"आठ?" त्यांनी विचारलं.

"आठ."

त्यांनी मिठाच्या पिशवीची गाठ चाचपली. "पोचूबाबाच्या मातीले गेलो, ते चुकलं असं समजून राह्यलो होतो मी," ते म्हणाले. "दोन महिने."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, कळलं नाही.

"हे मले एकट्याले काऊन सांगता?" ते म्हणाले. "मी सभेत बोललो. तुमी बी तिथीच होते."

"पुढच्या सभेले येतो," मी म्हणालो.

त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर तीन सभा झाल्या. पहिल्या वेळी शिष्यवृत्तीचे फॉर्म होते. दुसऱ्या वेळी गाडी पंक्चर होती, आणि दुपारपर्यंत मी ती मुद्दाम दुरुस्तीला नेली नाही. तिसऱ्या वेळी काही कारणच नव्हतं. गावात अजून असंच सांगतात की चैतू एका बाजाराला गेला नाही, म्हणून पोचूबाबाचा आवाज गेला.