एकतिसाव्या बाटलीचे गुण

आमची नकटी वाइन चाखायची नोकरी करते असं सांगितलं, की लोक आधी हसत आणि मग हळूच विचारत, "जागा आहे का हो तिकडे?" नकटी हे तिच्या बाबांनी ती पाळण्यात असताना ठेवलेलं नाव. नाक बसकं, पण वास ओळखण्यात कुणाला हार जायची नाही. दूध नासणार हे ती आदल्या दिवशी सांगायची. शेजारच्या काकूंना गॅस गळतोय अशी शंका आली, की त्या आधी हिला हाक मारत आणि मग गॅसवाल्याला.

देशोदेशींच्या स्वस्त वाइन मागवून दुकानांना पुरवणाऱ्या एका कंपनीत ती बारा वर्षं होती. काम ऐकायला चैनीचं, करायला कंटाळवाणं. पांढरं टेबल, पांढऱ्या भिंती, अत्तर लावून यायला बंदी. कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या लाल वाइनच्या छत्तीस बाटल्या, वर नुसते आकडे. चिलीची कुठली, स्पेनची कुठली, रोमानियाची कुठली, हे चाखणाऱ्याला कळू द्यायचं नाही. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, शेजारच्या बादलीत थुंकायचा आणि कार्डावर शेरा लिहून वीसपैकी गुण द्यायचे.

"महागडी वाइन कुणीही वाखाणेल गं आई," ती म्हणायची. "साध्या माणसाला परवडेल अशातली चांगली शोधायची, त्यात खरं कसब."

तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरल्यासारखं. म्हणून तिची कार्डं घरी कॉम्प्युटरवर मी उतरवून द्यायचे. कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं, त्याचा पुढे आयुष्यात तेवढाच उपयोग झाला.

ती आली की मी दारातच विचारायचे, "थुंकलीस ना सगळं?"

"हो गं बाई, छत्तीस वेळा. गाल दुखले."

"एक तरी गिळली असशील."

"उद्या तू ये बादली धरायला."

हसायचो दोघी.

मग एकदा एक कार्ड उतरवताना माझा हात थांबला. विसाव्या बाटलीपर्यंत शेरे नेहमीसारखे होते. 'काळी चेरी, थोडी तुरट, शेवटी लाकडाचा वास. बारा.' पुढे मात्र 'छान', 'मस्त', आणि एके ठिकाणी, 'किती मायाळू माणसांनी केली असेल ही.' गुण सोळा, सतरा, अठरा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. बाटल्यांचा क्रम रोज चिठ्ठ्या काढून ठरायचा. चांगली वाइन रोज शेवटीच कशी येईल? पोरगी गिळत होती.

तिच्याशी मी एक शब्द बोलले नाही. विसाव्यानंतरचे गुण तीन-चारांनी खाली आणले, शेरे नीटनेटके केले आणि प्रत पाठवून दिली. तिची नोकरी जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. पुढे वर्षभरात ते अंगवळणी पडलं. दारातला प्रश्नही मी चालूच ठेवला. ती 'हो' म्हणायची, मी 'बरं' म्हणायचे. हसणं तेवढं राहून गेलं.

मग ती पोर्तुगालची बाटली आली. एकतिसावी. नकटीने सतरा दिले होते, मी तेरा केले. चौदाच्या खालची वाइन कंपनी मागवत नसे. महिन्याने मागवायच्या वाइनची यादी लागली, तेव्हा नकटी भर बैठकीत उठून म्हणाली, "एकतिसाव्या बाटलीला मी सतरा दिले होते. महिना झाला तरी तिची चव जिभेवर आहे. तेरा कुणी केले?"

त्यांच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी बाटली पुन्हा मागवली. चौघांनी चाखली, चौघांनीही सोळाच्या वर गुण दिले. नकटी बरोबर होती. मग बाईंनी तिच्या खणातली बाकीची कार्डं काढून माझ्या प्रतींशेजारी मांडली, आणि जे मी पाहिलं होतं ते त्यांनाही दिसलं.

नकटी घरी आली ती बूटही न काढता आत आली.

"एकतिसावीचे गुण का कापलेस?"

"ती शेवटी होती गं. मला वाटलं..."

"तू चाखली होतीस?"

"नाही."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे तुला माहीत होतं. आणि रोज दारात उभी राहून माझ्याकडून खोटं वदवून घेत होतीस."

 

बाईंनी तिला लगेच काढलं नाही. म्हणाल्या, डॉक्टरांकडून चिठ्ठी आण, मग बघू. आम्ही दोघी गेलो. डॉक्टर नकटीच्याच वयाच्या होत्या.

"कधीपासून घेताय?" त्यांनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने," नकटी म्हणाली.

मला गप्प बसता आलं असतं. तेच तर करत आले होते.

"एक वर्ष आणि चार महिने," मी म्हटलं.

नकटीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. पण ती दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तशी म्हणाली, "इतके दिवस झाले?" तिला खरंच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त मला.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. उपचार होतील, म्हणाल्या, पण यापुढे थेंबही तोंडात घालायचा नाही. थुंकायचा असला तरीही.

"अहो, पण माझं कामच ते आहे."

"कळतंय मला."

"वास घेतला तर?" नकटीने विचारलं. "नुसता वास?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो पर्समध्ये घातला, रुमाल शोधत असल्यासारखा, आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.