मास्तरांची मिशी

सकाळी दाढी-कटिंगचं दुकान उघडल्या उघडल्या मास्तर स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि म्हणाले, "सूनबाई, वस्तरा घे. मिशी उतरव."

तिच्या हातातली फेसाची वाटी पडली ती ठणठणत थेट दारापर्यंत गेली. बाकावरचा दूधवाला ताडकन उभा राहिला.

त्या मिशीला गल्लीत मान होता. रोज मेण लावून पीळ दिलेली, टोकं वर वळलेली. आधी मिशी दुकानात शिरते, मागून मास्तर, असं लोक म्हणायचे.

तिचा नवरा मास्तरांच्याच हाताखाली वाढलेला, म्हणून सगळं दुकान तिला सूनबाई म्हणायचं. तो गेल्यावर ती झाडलोटीला आली आणि एकदा धीर करून म्हणाली, "मला शिकवाल?" मास्तरांनी तिच्या हाती वस्तरा दिला आणि फुग्याला फेस फासून पुढ्यात धरला. कितीतरी फुगे फुटले, फेस तोंडावर उडाला, लोक खो खो हसले. मग फुगे फुटेनासे झाले आणि माणसांचे गाल हाताखाली आले. सगळं बरं चाललं होतं, पण काल एकाचा गाल कापला. रक्त थेंबभरच, पण तो गृहस्थ "बाईच्या हाती मान दिली, माझंच चुकलं!" म्हणत अर्ध्या दाढीनिशी निघून गेला. तिनं वस्तरा मिटला. "मला नाही जमायचं, मास्तर. मी आपली फरशी पुसते."

मास्तरांनी तेव्हा नुसता वस्तरा पुसून खणात ठेवला होता. आणि आज हे!

"चेष्टा करू नका," ती कशीबशी म्हणाली.

"मिशीची चेष्टा? मी?"

"अहो, कापलं तर?"

"तुरटी आहे की."

"मग दाढी करते ना! मिशी कशाला?"

"दाढी काय, कुणीही करायला देतं." त्यांनी डोळे मिटून मान मागं टाकली.

उघड्या गळ्यावरची शीर उडताना तिला दिसली. तिनं आधी कात्रीनं टोकं उतरवली. ती टोकं मास्तरांच्या मांडीवर पडली तेव्हा दूधवाल्यानं तोंडावर हात घेतला. मग फेस. मग अंगठ्यानं कातडी ताणून वस्तरा टेकवला. हात जराही थरथरला नाही, आणि याचाच तिला सगळ्यात मोठा धक्का बसला.

आरशात कोणी परकाच माणूस बसला होता. लहान जिवणी, पोरासारखा कोवळा ओठ.

"मास्तर... तुम्हीच ना?" दूधवाला पुटपुटला.

"गार लागतंय," मास्तर ओठ चाचपत म्हणाले.

दुपारी ते जेवायला घरी गेले, तर मास्तरीणबाईंनी दार उघडून "ते दुकानात आहेत" म्हणत पुन्हा लावून घेतलं. बाहेरून मास्तरांनी हाक मारली, आवाज ओळखीचा वाटला तेव्हा कुठं किंचाळल्या, आणि तशाच तरातरा दुकानात आल्या.

"हे तू केलंस?"

सूनबाईनं मान खाली घातली. मागून धापा टाकत मास्तर आले. बाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, ओठावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मटकन बाकावर बसल्या.

"एक ओरखडा नाही गं! यांना आरशात बघून स्वतःची दाढीसुद्धा कधी इतकी साफ जमली नाही."