धाकटा काका

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनात पाक-हिंग आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला काका म्हणायचा. हसू नका, कागदांनी केलं ते. तेव्हा चिन्यांना अमेरिकेची दारं बंद, म्हणून आत शिरायला दोघांनी दुसऱ्यांची नावं विकत घेतली, आणि त्या कागदांवर धाकटा पाक-वा निघाला काका, हा पुतण्या. कुणी चुगली केली तर परत पाठवतील, म्हणून घरातही तेच चाललं. पोरांनासुद्धा खरं सांगितलं नाही.

पाक-वानं मात्र मजा करून घेतली. "पुतण्या, काकाला चहा ओत की."

"ओततो हो काका. लहानपणी तुमचं नाक मीच पुसलंय," हा पुटपुटायचा.

पुढे कायदा बदलला, परत पाठवायची भीती सरली. पाक-वा म्हणाला, "आता तरी मला धाकट्या म्हण ना रे."

"म्हणेन की, घाई कसली?" पण जिभेला सवय काकाचीच, आणि पोरांना खरं सांगायचंही राहूनच गेलं. वर्षं गेली, आणि एक दिवस पाक-वाच वारला.

त्यांच्यात थोरला धाकट्यापुढे गुडघे टेकत नाही. पण अंत्यविधीला पाक-वाच्या मुलानं बोलावलं, "दादा, तुम्ही पुतणे, या पुढे." पाक-हिंगनं गुडघे टेकले, शवपेटीपुढे चहाचा पेला ठेवला आणि म्हणाला, "घे, धाकट्या."

"काका म्हणा, दादा," मुलानं हळूच चूक सुधारली.