लग्नपत्रिकांच्या पाठीवरचा कोश

माझी आई क्रोएशियातल्या एका बेटावरची. झाग्रेबला स्लाव्ह भाषा शिकली, मॉस्कोत डॉक्टरेट केली आणि तिथंच इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कोल्हापूरच्या पोराशी लग्न करून आमच्या गल्लीत आली. एवढी भाषापंडित, पण मराठी शिकली ती सासूच्या स्वयंपाकघरात. त्यामुळं गल्लीतल्या बायकांसारखं 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणायची. पुण्याचे पाहुणे तिला सुधारायला जायचे आणि तिच्याकडून चांगलंच ऐकून घ्यायचे.

सोव्हिएत रशिया मोडला तसा कॉलेजात ती घ्यायची तो रशियनचा वर्ग बंद पडला. त्याच सुमारास युगोस्लाव्हियाही मोडला आणि तिच्या पासपोर्टवरचा देशच उरला नाही. नव्या देशाचे कागद मिळेपर्यंत कुठं हलता येईना. अर्ज दिल्लीला जायचे, दिल्लीहून नवे प्रश्न यायचे. "हुईल की," म्हणून बाबा शिरोळकडच्या साखर कारखान्यात निघून जायचे. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. तिकडं बेटावर तिची म्हातारी आई एकटी होती आणि आईला फक्त तिच्यापर्यंत पोचायचं होतं.

अडकलेल्या बाईनं मग घरातच कोश मांडला, आपल्या बेटावरच्या बोलीचा. लग्नपत्रिका कापायच्या आणि कोऱ्या पाठीवर एकेक शब्द लिहायचा. आमच्याकडं आलेली एकही पत्रिका लग्नाच्या दिवसापर्यंत टिकली नाही. बाबा मुहूर्त शेजारी विचारून यायचे.

शब्द मिळायचे रविवारी दुपारी, कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये. काचेच्या खोक्यात आम्ही दोघी घामानं निथळत उभ्या. जाळं वाळवायच्या काठीला काय म्हणायचं, खारवलेल्या मासळीच्या पिंपाला काय, असं आई विचारत सुटायची. बेटावरची आजी वैतागायची. मला ती बोली अर्धीमुर्धी कळे, पण 'कधी येतेस?' एवढं नेहमी कळायचं. त्यावर आई घाईनं पुढचा शब्द विचारायची.

एका रविवारी आजी काहीतरी हळू बोलली आणि आईचा चेहरा उजळला. "परत सांग," म्हणाली. आजीनं परत सांगितलं. आणखी एकदा सांगायला लावून आईनं तो शब्द टिपला.

"आज लई खूश, वहिनी?" बूथवाल्यानं विचारलं.

"व्हय की! लहानपणी ऐकलेला शब्द घावला. छातीत गच्च आवळून येतं, त्याला म्हणत्यात आमच्यात."

घरी परतताना पिठाच्या गिरणीपाशी ती थबकली. मग जी उलटी पळत सुटली, ती थेट बूथमध्ये. पलीकडं नुसती घंटी वाजत राहिली. त्याच आठवड्यात आजी गेल्याची तार आली.

पुढं नव्या देशाचा पासपोर्ट आला. आईनं तो साड्यांखाली ठेवून दिला. काही वर्षांनी कोश झाग्रेबला छापून निघाला, तिकडच्या विद्वानांनी सत्काराला बोलावलं, तर तब्येत बरी नसल्याचं कळवून मोकळी झाली. तब्येत ठणठणीत होती. मला तिचा भयंकर राग आला.

कोशाचं पार्सल मीच फोडलं आणि आधी तो शब्द शोधला. सापडेना.

"आई, तो शब्द राहिला."

ती पावटा सोलत होती. "ऱ्हायला न्हाय. मीच न्हाय घातला."

"का?"

"शब्द कुठला गं? आई सांगत हुती, दुखतंय म्हणून."